मेलेला कावळा दिसल्यावर या चुका टाळा

डिसेंबर 2020च्या अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडलेले आढळले आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच5एन8 विषाणू सापडला. श्राद्धाला गच्चीवर पान वाढून ज्याची वाट पाहायची, तो पक्षी अंगणात निपचित पडलेला दिसला की इंदूरच्या रामबाग वस्तीतल्या मराठी घरातही कोणाचा तरी हात आपोआप पुढे जातो. पहिली चूक तिथेच होते.

कोणी त्याला पाणी पाजायला उचलतो, कोणी पंखाला धरून सकाळच्या कचरागाडीत टाकतो. इंदूरकरांची स्वच्छतेची सवय मोलाची आहे, पण इथे तिच्यामुळे संसर्ग हाताला लागतो आणि तपासणीचा नमुनाही जातो. पक्षी आहे तिथेच राहू द्यावा, मुले, मांजरे आणि कुत्री दूर ठेवावीत आणि पशुपालन किंवा वनविभागाला लगेच कळवावे. कुजलेल्या पक्ष्यावरून निदान करणे फार अवघड जाते. घरटी पाडणे किंवा फटाके वाजवून थवे उडवणे तर पूर्णपणे चुकीचे आहे, कारण आजारी पक्षी मग दुसऱ्या वस्तीत जाऊन बसतात.

कोंबडीपालकाची चूक अधिक महाग पडते. शेडमध्ये एकाएकी मरतूक वाढली, तुरे निळसर-काळे पडले, डोकी सुजली, की ‘मानमोडी असेल’ म्हणून प्रतिजैविके पाण्यात मिसळली जातात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आणि बर्ड फ्लू यांतला फरक नजरेने ओळखता येत नाही, शिवाय दोन्ही आजार विषाणूंचे असल्याने प्रतिजैविके त्यांच्यावर चालत नाहीत. उरलेल्या कोंबड्या घाईने विकल्यास रोग गाडी, पिंजरे आणि अंड्यांच्या ट्रे यांबरोबर गावोगाव जातो. विक्री थांबवून कळवावे. सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, म्हणून उशीर करण्यात पालकाचाच तोटा आहे.

निर्जंतुकीकरणातली चूक सहज होते: विष्ठेच्या थरावरच औषध फवारले जाते आणि त्या घाणीत त्याचा जोर संपतो. आधी विष्ठा ओली करून खरवडावी, साबणाच्या पाण्याने जमीन धुवावी, मग फवारणी करावी. कोरडे झाडू नये, धूळ श्वासात जाते.

अशा शेडमध्ये काम केलेल्याला पुढील दहा दिवसांत ताप किंवा खोकला आला, तर डॉक्टरांना कोंबड्यांच्या संपर्काविषयी आधी सांगावे.