फ्लोअरचा पत्रा वेल्डने जोडताना गाडी वाकडी ओढली जाऊ नये म्हणून

पत्रा वाकतो तो तापताना नाही, निवताना. वेल्डचा टाका लाल असताना फुगू पाहतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दाबला जातो. मग निवताना आकसतो आणि शेजारच्या पत्र्याला स्वतःकडे ओढतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत सडलेला जुन्या मारुतीचा फ्लोअर एका दमात लांब वेल्ड मारून जोडला, की पत्र्यावर लाटा येतात आणि मधोमध अंगठा दाबला तर तो ‘टक्‌’ करून आत-बाहेर होतो. म्हणून उष्णता थोडी द्यायची, आणि तीही विखरून.

फ्लोअर किंवा सिल (दाराखालची पोकळ पट्टी) कापण्याआधी गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागी स्टँडवर समतल ठेवा. मधे जॅक लावून गाडी तोलली असेल तर तोच बाक वेल्डमध्ये कायमचा बसतो. दरवाजाच्या चौकटीत आडवा चौकोनी पाइप टाके मारून बसवा आणि दार नीट लागतंय ना, ते बघूनच कापा. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) असेल तर त्याचं कनेक्टरही. पेट्रोलची टाकी, पाइप, कार्पेट, साउंड पॅड सगळं बाजूला. आग बहुतेक वेळा वेल्डच्या पलीकडच्या बाजूला, न दिसणाऱ्या अंडरकोटला लागते. मागे माणूस आणि फायर एक्स्टिंग्विशर हवाच.

साधारण 0.8 मिमी पत्र्याला सीओटू मशीनवर (वायर आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन) 0.6 किंवा 0.8 मिमी वायर, 30 ते 50 अँपिअर, गॅस मिनिटाला 8 ते 12 लिटर. नुसत्या सीओटूपेक्षा आर्गॉन-सीओटू मिश्रण पातळ पत्र्याला शांत जातं. साध्या रॉडने हा पत्रा जोडू नका, भोकंच पडतील. सांध्यापासून 25 मिमीपर्यंत रंग, गंज, झिंक घासून चकचकीत करा. झिंक 907 अंशांना उकळतं, म्हणजे पोलाद वितळायच्या कितीतरी आधी. त्यातूनच वेल्डला भोकं आणि धुराने ताप येतो. हवा खेळती ठेवा, मास्क लावा. अर्थ क्लॅम्प जॉबच्या अगदी जवळ.

पॅच कडेला कड असेल तर फट पत्र्याच्या जाडीइतकी. फट नसेल तर आकसणाऱ्या कडा एकमेकींवर चढतात. तुकडा बसवताना हातोडीने रेटावा लागत असेल, तर तो परत घासा.

आधी कोपऱ्यांवर टाके, मग समोरासमोर, दर 40-50 मिमीवर. प्रत्येक टाका एक सेकंदाच्या आतला, टॉर्चची ट्रिगर दाबून सोडलेली. टाका काळा पडला म्हणजे निवला असं नाही: शेजारी उघडा हात ठेवून सहज टिकला, तरच पुढचा. मग दोन टाक्यांच्या मधोमध एकेक, असं अर्धं-अर्धं करत जा. एक टाका पुढच्या डाव्या कोपऱ्याला, तर दुसरा मागच्या उजव्याला. एका ओळीत पुढे-पुढे गेलात तर फट शेवटाकडे बंद होत जाते आणि पत्रा तिथे चढतो. घाईने पाणी ओतू नका. सिलच्या आतल्या मजबूत पट्ट्या हाय-टेन्साइल (जास्त ताकदीच्या पोलादाच्या) असतील तर त्या तिथे ठिसूळ होतात.

सगळं होऊनही थोडी लाट राहिलीच, तर वेल्ड उगाच तापवू नका. टाक्याचा उंचवटा ग्राइंडरने उतरवा, तोही थांबून-थांबून, कारण ग्राइंडरचीही उष्णता पत्र्याला तेवढीच ओढते. मग खाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून हलक्या हाताने थेट वेल्डवरच हातोडी मारा. आकसलेला टाका तेवढाच ताणला जातो आणि पत्रा सपाट होतो. शेजारच्या पत्र्यावर मारलीत तर तो ताणून फुगा आणखी वाढतो.

कंपनीच्या स्पॉट सांध्याजागी प्लग वेल्ड (वरच्या पत्र्याच्या भोकातून खालच्याला जोडणारा) करायचा असेल, तर वरच्या पत्र्याला 6 ते 8 मिमी भोकं पाडा, मूळ स्पॉटच्याच अंतरावर. दोन पत्रे क्लॅम्पने घट्ट चिकटवा. मधे केस जाईल इतकी जरी फट राहिली, तरी वरचा पत्रा जळतो आणि खालचा कोरा राहतो. टॉर्च आधी खालच्या पत्र्यावर, मग गोल फिरवत कडेला. शेवटी वेल्डला प्राइमर, वर सीम सीलर, आणि सिलच्या पोकळीत मेण.