न्यूरॉनचं बारसं करण्याची घाई: या चुका टाळा

दर वर्षी विद्यार्थ्यांचे सेमिनार ऐकतो आणि तिसऱ्या स्लाइडवर जेनिफर अ‍ॅनिस्टन हसत उभी असते. या अमेरिकी अभिनेत्रीच्या फोटोंना एका रुग्णाच्या मेंदूतली एक पेशी (न्यूरॉन) प्रतिसाद देते, असं दाखवणाऱ्या २००५च्या शोधनिबंधावर माझा राग नाही, स्लाइडवर फोटोखाली लिहिलेल्या ओळीवर आहे: ‘एक पेशी, एक आठवण.’

थोडा हिशोब करा. अपस्माराचा झटका मेंदूत कुठून उठतो हे शोधायला रुग्णांच्या डोक्यात इलेक्ट्रोड बसवलेले असतात. अब्जावधी पेशींपैकी मूठभर ऐकू येतात, दाखवायला शंभरेक चित्रं. अ‍ॅनिस्टनसाठी खरंच एकच पेशी असती, तर ती नेमकी हाती लागणं म्हणजे लॉटरीच. म्हणजे अशा पेशी पुष्कळ असणार, आणि प्रत्येकीला आपण न दाखवलेल्या आणखी गोष्टीही चालत असणार. तीच पेशी पुढे अ‍ॅनिस्टनची मालिकेतली सहकलाकार लिसा कुड्रो हिलाही प्रतिसाद देताना दिसलीच. तरी आमची मंडळी सारांश वाचून बारसं उरकतात.

दुसरी चूक मला जास्त छळते: जे काळाबरोबर बदललं, त्याला ‘संदर्भ’ (म्हणजे समोरची गोष्ट कोणत्या प्रश्नासाठी बघतोय ते) म्हणणं. रात्री साडेदहाला एका विद्यार्थ्याचा फोन. ‘सर, संदर्भाची पेशी सापडली!’ रेकॉर्डिंग दुसऱ्याच कुणाचं, सर्वांना खुल्या असलेल्या डेटासंचातलं. आधी वीस मिनिटं ‘यातलं मोठं काय?’ हा प्रश्न, नंतर वीस मिनिटं ‘यातलं ओळखीचं काय?’ पहिल्यात पेशी धडधडते, दुसऱ्यात गप्प. पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, ते सांगणारा आकडा) डोळे दिपवण्याइतकी लहान. मी स्पाइकची (पेशीच्या विद्युत ठोक्याची) उंची वेळेसमोर मांडायला सांगितली. रेषा पहिल्या मिनिटापासून घसरत होती. इलेक्ट्रोड हळूहळू सरकत होता, पेशी ऐकू येईनाशी होत होती, एवढंच. पोस्टर छापून झालं होतं, लॅमिनेशनसकट.

तेव्हापासून माझा हट्ट आहे: कुठलीही चाचणी लावण्याआधी अख्ख्या सत्राचा रास्टर (पेशीचा प्रत्येक ठोका टिंबाने दाखवणारा आलेख) वेळेच्या क्रमाने काढायचा आणि डोळ्यांनी बघायचा. मग एकाच प्रश्नाच्या वेळेतला पहिला अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याशी ताडायचा. तिथेही तेवढाच फरक दिसला तर संदर्भ वगैरे विसरा, चहा घ्या. तयार टूलबॉक्स (विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) हे आपणहून करून देईलच असं नाही, आणि घाई झालेल्यांना नेमका तोच हवा असतो.

बाकीच्या चुका पटकन. संदर्भ म्हणजे फोटोमागची भिंत नव्हे. जर्मनीतल्या बॉनच्या संशोधक गटाने १६ रुग्णांत तीन हजारांवर न्यूरॉन तपासले, तिथे चित्र हा आशय होता आणि त्याबद्दल विचारलेला प्रश्न हा संदर्भ. उंदराचे निष्कर्ष माणसाला आंधळेपणाने चिकटवू नका: उंदरात एकच पेशी बऱ्याचदा आशय आणि संदर्भ अशी दोन्ही कामं करते, या रुग्णांत ती बहुतांशी वेगवेगळ्या पेशींत वाटलेली दिसली. पण म्हणून ‘दोन स्वतंत्र कप्पे’ असंही लिहू नका. एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस हे स्मृतीशी निगडित, शेजारचे दोन भाग: पहिल्यातली आशयाची पेशी पेटल्यावर सुमारे ४० मिलिसेकंदांनी दुसऱ्यातली संदर्भाची पेशी पेटण्याची शक्यता वाढते, म्हणजे त्यांचं आपसात बोलणं चालू असतं.

आणि इलेक्ट्रोडच्या एका तारेवर आला तो एकच न्यूरॉन, हे गृहीत धरू नका. २००५च्या त्याच कामात ९९३ युनिट (वेगळे काढलेले संकेत) होती, त्यातली एकल पेशी म्हणण्याजोगी ३४३. बाकी सगळा अनेक पेशींचा मिळून गलका.