एसीचा नवा चिलर बसवला, तरी संध्याकाळचं बिल का उतरत नाही? या चुका टाळा

पुण्यातल्या बाणेरच्या एका ऑफिस-इमारतीची देखभाल माझ्याकडे होती. दिवे एलईडी झाले, एएचयूच्या (गार हवा मजल्यांवर फिरवणाऱ्या यंत्रांच्या) पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी उपकरणं) बसले (वेग 80 टक्क्यांवर आणला की पंख्याची वीज साधारण निम्मी होते, म्हणून हा खर्च मला आजही पटतो). युनिटं उतरली. संध्याकाळचा लोड मात्र जागचा हलला नाही. आम्ही युनिटं मोजत बसलो; वीज कोणत्या वेळी वापरतो यावरही दर ठरतो, पण घड्याळ कुणी पाहिलंच नाही.

केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार व्यापारी ग्राहकांना सौर तासांत (दिवसा सौर वीज मिळते ते तास) दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि पीकच्या तासांत (मागणी सर्वाधिक असते ते तास) नेहमीच्या किमान 1.20 पट असायला हवा. आपल्याकडे पूर्वी रात्री 10 ते सकाळी 6 ही सवलतीची वेळ होती. त्या काळात बीएमएसमध्ये (इमारतीची यंत्रं चालवणाऱ्या संगणक प्रणालीत) घातलेलं पंपांचं वेळापत्रक अनेक इमारतींत तसंच पडून असतं. आधी बिलावरचे टीओडी (वेळेनुसार दराचे) स्लॉट वाचा, मग पंप, गिझर, गाड्यांचं चार्जिंग दुपारी सरकवा.

दुसरी चूक महागात जाते: चिलर (एसीसाठी पाणी गार करणारं मोठं यंत्र) आधी बदलायचा, काचा नंतर बघायच्या. पीक सुरू होण्याआधी इमारत गार करून ठेवायची, तर तो गारवा टिकायला हवा. पश्चिमेच्या काचेवर सावली नसेल तर एप्रिलमध्ये अर्ध्या तासात तक्रारी सुरू. काच आणि गच्ची आधी, चिलरचं माप त्यानंतर. मापही अगदी काटेकोर घेतलं, तर आगाऊ गार करायला ताकदच उरत नाही. पुण्यात उन्हाळ्यातली पहाट बरीच गार असते. ती हवा आत ओढून घ्या, पंख्याच्या विजेपलीकडे काही लागत नाही.

पीकमध्ये लोड कमी केल्यावर, नंतर सगळे एएचयू एकदम सुरू करू नका. एमडी (बिलात धरली जाणारी कमाल मागणी) चढते, आणि एकदा चढलेली एमडी पुढच्या बिलांतही डोकावते. पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चालू करा. बचतीच्या नादात ताजी हवा मात्र बंद करू नका, कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावा.

आमचं दुखणं शेवटी मीटरच्या लोड सर्व्हेत (कोणत्या वेळी किती वीज लागली, याच्या नोंदीत) सापडलं. सातनंतर तिसऱ्या मजल्यावर आठ-दहा जण बसायचे आणि त्यांच्यासाठी मोठा चिलर चालायचा. त्यांना दोन स्प्लिट एसींच्या खोलीत हलवलं.