नको म्हणणाऱ्या मुलांना भाजीची गोडी लावताना
साधारण २ ते ६ या वयात अनोळखी पदार्थ नाकारणे ही वाढीतील स्वाभाविक अवस्था असते, शिवाय मुलांना कडू चव मोठ्यांपेक्षा अधिक जाणवते. त्यामुळे पहिल्या नकारावरून नावड ठरवू नये. नवी भाजी आवडत्या पदार्थासोबत, वाटाण्याएवढ्या घासाने, काही दिवसांच्या अंतराने वाढत राहावी, कारण चव अंगवळणी पडण्यास अनेकदा ८ ते १५ वेळा चाखावे लागते आणि बहुतेक पालक त्याआधीच कंटाळतात. उकडून गिळगिळीत झालेली भाजी मोठ्यांनाही रुचत नाही, तेव्हा गाजर किंवा फुलकोबी भाजून पाहावी. भाजल्याने गोडवा खुलतो. ‘भाजी संपव, मग गोड देते’ हे आमिष मात्र टाळावे, कारण त्यामुळे भाजी ही शिक्षाच वाटू लागते. भाज्या निवडण्या-धुण्याचे काम मुलांकडे सोपवावे.