केक जेलमधलं ४७१ : हलाल तपासताना या चुका टाळा

मागच्या ईदला घाईघाईत नाशिकच्या रविवार कारंजाकडून केक जेल, म्हणजे केक फुलवणारी पेस्ट, आणलं. दुकानदाराने मोठ्या बादलीतून काढून पांढऱ्या डबीत भरून दिलं, झाकणावर मार्करने नुसतं ‘जेल’. ऑर्डर देणाऱ्या कोकणीपुऱ्यातल्या खालांनी विचारलं, ‘‘यात काय काय असतं गं?’’ मी गप्प. डबी बाजूला ठेवली आणि अंडी फेटून जुन्या पद्धतीने केक केला. हात भरून आले, पण थाप मारावी लागली नाही.

सुटा माल घेतला की लेबल बादलीवरच राहतं. मूळ बादली दाखवायला सांगा, बॅच नंबरसकट फोटो काढा. दुकानदार कां-कू करू लागला तर सीलबंद छोटा डबा घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

लेबल हाती आलं की पुढची चूक, आणि ही जवळजवळ सगळेच करतात. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी उघडायची आणि आकडा जुळवायचा : ४७१ हराम, ३२२ हलाल. अहो, आकडा फक्त पदार्थाचं नाव सांगतो, तो कशापासून काढला ते नाही. ४७१ म्हणजे फॅटी ॲसिडची मोनो आणि डायग्लिसराइड्स. ती पाम तेलापासूनही बनतात, जनावराच्या चरबीपासूनही. मसालेदार चिप्समधलं ६३१ मांस-मासळीपासून काढता येतं, तसंच स्टार्च आंबवूनही. पावाच्या मैद्यात पडणारं ९२० पिसांपासून किंवा केसांपासून मिळतं, आंबवूनही मिळतं. थेट उत्तर देणारे आकडे थोडे : १२० म्हणजे कार्माइन, किड्यांपासून काढलेला लाल रंग.

डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं होतं, नुसता कोड पुरे नाही. घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला तेही लिहा. त्या निकालात उदाहरण ६३१ चंच होतं. माझ्या कपाटातली पाकिटं मात्र अजून आकड्यांतच बोलतात.

मग हिरवा ठिपका? चरबी आणि जिलेटिनपुरता तो कामाचा आहे, कारण दूध, मध असे अपवाद सोडले तर प्राण्यापासूनचा घटक असल्यास तो लावता येत नाही. पण दारू शाकाहारीच! आपलं नाशिक द्राक्षांचं आणि वाइनचं गाव. वाइन घातलेलं चॉकलेटही हिरव्या ठिपक्यात बसतं. एसेन्सच्या बाटलीवर इथाइल अल्कोहोल लिहिलंय का, ते वेगळं बघा. उलट, तपकिरी त्रिकोण दिसला म्हणून पाकीट फेकू नका. अंड्यालाही तोच लागतो, माशाच्या जिलेटिनलाही. आणि सॉर्बिटॉल (४२०) रसायनशास्त्रात ‘शुगर अल्कोहोल’ म्हणवतं म्हणून दचकू नका, त्याने नशा होत नाही.

दुबईहून आलेल्या पाकिटावर हलालचा शिक्का पाहून इथलं तेच उत्पादन तसंच असणार, असं धरू नका. कारखाना बदलला की कच्चा माल बदलू शकतो.

कस्टमर केअरला ‘हलाल आहे का?’ विचारलंत की पलीकडून गोलमोल उत्तर येतं. मी असं लिहिते : ‘या बॅचमधलं ४७१ आणि ४२२ (ग्लिसरीन) वनस्पतीपासून की प्राण्यापासून? प्राण्यापासून असेल तर कोणत्या? फ्लेवर कशात विरघळवला आहे?’ फोनवर नाही, मेलवरच.

मुफ्तीसाहेबांकडे जायचं ते हे उत्तर हातात घेऊन. नुसता आकडा सांगितला तर तेही मूळ विचारणार. पदार्थाचं रूप पालटलं की हुकूम पालटतो का, म्हणजे इस्तिहाला, यावर हनफी आणि शाफई या धर्मशास्त्राच्या दोन परंपरांच्या मतांत फरक आहे. कोकणी घरं शाफई, शेजारी हनफी, त्यामुळे एकाच केकवर दोन उत्तरं मिळू शकतात. कुणासाठी केक करताय, ते आधी सांगा.

आलेला मेल मी फ्रीजवर चिकटवते. खाला आल्या की आधी तो वाचतात, मग विचारतात, ‘‘अर्धा किलो केवढ्याला?’’