आयलाचा धूर शेवटी

स्कॉचचे प्रदेश जिभेने ओळखायला तीन ग्लास पुरतात: लोलँडची ग्लेनकिंची, स्पेसाइडची ग्लेनफिडिक १२ आणि आयला बेटावरची लाफ्रॉइग १०. प्रत्येकी १५ मिलि, वर निमुळत्या होणाऱ्या ग्लासात, बर्फ न घालता.

क्रम हाच ठेवा. लाफ्रॉइगसाठी मोड आणलेला सातू पीटच्या, म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजक्या वनस्पतींच्या इंधनाच्या, धुरात वाळवतात. ती आधी घेतलीत, तर तो आयोडिनसारखा दवाखानी वास तोंडात असा ठाण मांडतो की नंतरची ग्लेनकिंची नुसती गोडसर पाण्यासारखी लागते.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर अल्कोहोलच झोंबतं. पहिला घोट तसाच घ्या. मग साधं पाणी थेंबाथेंबाने, फार तर अर्धा चहाचा चमचा. सोडा नको, तो सगळं एकसारखं करून टाकतो.

प्रदेशाच्या नावावर मात्र आंधळा भरवसा नको. बुनाहाभन १२ आयलाचीच, पण तिच्यात धूर जवळपास नाही. उलट हायलँडची आर्डमोर चांगली धुरकट. बाटली घेताना प्रदेशाआधी लेबलावर ‘पीटेड’ लिहिलंय का ते बघा.