खेळू देऊन बाळाची वाढ कशी पाहावी

बाळाच्या वाढीच्या तपासणीसाठी खोली, चटई, खेळणी तुम्ही मांडालच. राधानगरी-गारगोटीहून एसटीनं आलेल्या बाळाला मात्र लगेच आत घेऊ नका. खाऊ दे, झोपू दे. मुदतीआधी जन्मलेलं असेल तर वय दुरुस्त करा, म्हणजे जितकं लवकर जन्मलं तेवढं वयातून वजा करा: ४० ऐवजी ३२ व्या आठवड्यात जन्म म्हणजे ८ आठवडे वजा. दोन वर्षांचं होईपर्यंत ही वजाबाकी सोडायची नाही.

फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ सगळे एकाच वेळी बसतील, पण खेळेल एकच जण. बाकीचे भिंतीकडेला, वही घेऊन, गप्प.

बहुतेकांचं बिघडतं ते पहिल्या दहा मिनिटांत. माझंही वर्षभर बिघडत होतं. बाळ आत आलं की मी विचारायचे, "हे काय? रंग कुठला? भू-भू दाखव." बावीस महिन्यांच्या एका पोराला आम्ही याच पद्धतीनं ‘शब्द नाहीत’ असं लिहून टाकलं. ते दारात चपला घालताना म्हणालं, "आज्जी, गाडी चल." ती नोंद मी सगळ्यांसमोर खोडली.

तेव्हापासून माझा नियम ठाम आहे: सुरुवातीला एकही प्रश्न नाही. बाळाच्या उंचीला, जमिनीवर बसा. त्यानं वाटी आपटली की तुम्हीही आपटा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता जड जाते, तरी बोलू नका. बाळ तुमच्याकडे बघतं, हसतं किंवा पुन्हा आपटतं, ते याच वेळात. मग एकच पायरी वर चढा: वाटीत चमचा फिरवून बाहुलीला भरवा. एवढ्यातच पकड, नक्कल, कल्पना, नजर सगळं दिसतं, म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी बघायचं.

घरच्यांना बाहेर बसवा, असं सांगणारे चुकतात. आई किंवा आज्जी जवळच हवी. "करून दाखव की रं" असं त्यांनी म्हणायचं नाही, एवढं आधी प्रेमानं सांगा. शेवटी विचारा, "घरी असंच करतो का?" आईनं "नाही" म्हटलं तर तुमची नोंद अपुरी आहे.

वहीत मत लिहू नका. ‘हट्टी’ नको, ‘चेंडू काढून घेतल्यावर जमिनीवर लोळला, आईनं उचलल्यावर लगेच शांत झाला’ असं लिहा. चर्चा प्रत्येकाचं लिहून झाल्यावरच, नाहीतर ज्येष्ठाचं मत सगळ्यांच्या वहीत उतरतं.

बोलणं मागे वाटलं तर आधी श्रवणचाचणी. "त्याचे पप्पाबी उशिराच बोलले" हे ऐकून घ्या, पण चाचणी पुढं ढकलू नका. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत मुलांच्या मोफत तपासणीला येणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. आणि येत असलेले शब्द किंवा हालचाली बाळ विसरू लागलं असेल, तर पुढच्या भेटीची तारीख देऊ नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा.